डायसेक स्विच बदलताना: गच्चीवरच्या कामाच्या नोंदी

४ सप्टेंबर

सकाळी काही चॅनेल गायब आणि दुपारी ऊन वर आलं की आपोआप परत, हा प्रकार हल्ली वाढत चाललाय. आज नीट लिहून काढायला बसलो, कारण डोक्यात ठेवून काम केलं की दर वेळी पहिल्यापासून सुरुवात होते.

आधी मांडणी. गच्चीवर ९० सेंटिमीटरची ऑफसेट डिश. तिच्यावर केयू बँडचे दोन युनिव्हर्सल एलएनबी (डिशच्या तोंडाशी सिग्नल पकडून, वाढवून खाली पाठवणारा भाग; केयू आणि सी हे फ्रिक्वेन्सीचे दोन पट्टे): मधल्या जागेवर उपग्रह ‘अ’ चा, बाजूच्या पट्टीवर ‘ब’ चा. पलीकडे सहा फुटी जाळीची सी बँड डिश, तिच्यावर उपग्रह ‘क’ चा एकच एलएनबी. तिन्हींच्या केबली खांबावरच्या डायसेक स्विचमध्ये येतात; रिसीव्हरच्या हुकमाप्रमाणे तो त्यातली एकच पुढे जोडतो. हा चार पोर्टांचा आहे, चौथं रिकामं. तिथून एकच केबल खाली दिवाणखान्यातल्या रिसीव्हरला जाते, लांबी साधारण ३५ मीटर. त्या रिसीव्हरच्या मागच्या लूप-आउटमधून दुसरी केबल बाबांच्या खोलीत. म्हणजे दिवाणखान्यात जो उपग्रह आणि जी पोलॅरिटी (लहरींची दिशा: उभी म्हणजे व्हर्टिकल, आडवी म्हणजे हॉरिझॉन्टल) चालू असेल, तेवढ्यातलंच बाबांना दिसणार. यावरून घरात रोज कुरबुर.

आता काय जातं आणि काय टिकतं:

‘क’ वरचे हॉरिझॉन्टल चॅनेल सकाळी सगळे जातात, व्हर्टिकल जागच्या जागी. ‘अ’ वरचे हॉरिझॉन्टल कधी जातात, कधी नाही. व्हर्टिकलला धक्का नाही. ‘ब’ ठीक.

एवढ्या यादीवरून निम्मं निदान होतं. रिसीव्हर त्या एका केबलमधून एलएनबीशी तीन भाषांत बोलतो. १३ व्होल्ट दिले की व्हर्टिकल, १८ दिले की हॉरिझॉन्टल. २२ किलोहर्ट्झचा टोन सतत चालू असला की हाय बँड (केयूचा वरचा भाग), नसला की लो बँड (खालचा). आणि तोच टोन तुकड्या-तुकड्यांत चालू-बंद करून डायसेकचा हुकूम जातो: अमुक पोर्ट लाव. हाय बँडचे दोन्ही पोलॅरिटीतले चॅनेल गेले असते तर संशय टोनवर. ‘अ’ मागितल्यावर ‘ब’ दिसला असता तर हुकूम पोचत नाही म्हणायचं. इथे जातंय ते फक्त हॉरिझॉन्टल. म्हणजे १८ व्होल्ट वरपर्यंत पोचत नाहीत.

ताडून बघायला सकाळी ‘क’ वर हॉरिझॉन्टलचं ब्लाइंड स्कॅन (रिसीव्हरने सगळ्या फ्रिक्वेन्सी स्वतः चाळणं) लावलं. यादी आली ती जशीच्या तशी व्हर्टिकलची. रिसीव्हरला वाटतंय आपण हॉरिझॉन्टल ऐकतोय, एलएनबी मात्र व्हर्टिकलवरच अडून बसलाय.

६ सप्टेंबर

मीटर घेऊन गच्चीवर. नुसतं केबलचं टोक सोडवून व्होल्ट मोजण्यात काही अर्थ नाही. लोड नसताना गंजलेला सांधासुद्धा पूर्ण १८ दाखवतो. म्हणून एफ कनेक्टरचा टी-जोड मधे घातला. दोन तोंडं लाइनमध्ये आणि तिसऱ्यावर मीटरच्या कांड्या. चित्र बिघडलं तरी चालेल, डीसी व्होल्ट खरे कळतात.

पहाटेच्या दमट हवेत, रिसीव्हर ‘क’ हॉरिझॉन्टलवर लावून:

रिसीव्हरच्या मागे १८.४ व्होल्ट. स्विचच्या आत जाताना १७.५. स्विचमधून बाहेर, ‘क’ च्या पोर्टावर, १४.४.

‘अ’ च्या पोर्टावर १५.३. ‘ब’ च्या पोर्टावर १७.१.

दुपारी पुन्हा मोजलं तेव्हा ‘क’ वर १६.३ आणि ‘अ’ वर १६.९.

एलएनबीच्या बाबतीत ११.५ ते १४ व्होल्ट म्हणजे नक्की व्हर्टिकल आणि १६ ते १९ म्हणजे नक्की हॉरिझॉन्टल. मधला पट्टा कुणाच्याच मालकीचा नाही. तिथे कोणता एलएनबी काय करेल ते त्याच्या नशिबावर. सकाळचे १४.४ आणि १५.३ नेमके त्या पट्ट्यात बसतात. ‘अ’ चं ‘कधी जातं, कधी नाही’ हेही त्यातच आलं.

केबलला दोष देता येत नाही. वरचं टोक शॉर्ट करून खालून रोध मोजला: जाण्या-येण्याचा मिळून ४.६ ओहम. मधली तार तांब्याची नाही, तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी आहे, त्यामुळे ३५ मीटरला एवढा रोध यायचाच. ‘क’ चा जुना एलएनबी १९० मिलिअँपिअर ओढतो. ४.६ गुणिले ०.१९ म्हणजे ०.९ व्होल्टच्या आत. १८.४ मधून १७.५ उरले ते हेच. स्विच मात्र एकटा तीन व्होल्ट खाऊन बसतो.

शेवटची खात्री म्हणून स्विच बाजूला ठेवून ‘क’ ची केबल बॅरलने (दोन केबली जोडणाऱ्या तुकड्याने) थेट खालच्या केबलला जोडली. सगळे हॉरिझॉन्टल परत. स्विच बदलायचा हे ठरलं.

(वर चढण्याआधी रिसीव्हरची पिन भिंतीतून काढतो. नुसत्या स्टँडबायवर विसंबू नये. कनेक्टर सोडवताना मधली तार कडेला टेकली तर रिसीव्हरमधला एलएनबीला वीज देणारा भाग जातो, आणि मग स्विचऐवजी रिसीव्हर निवडण्याच्या नोंदी लिहायला लागतात.)

७ सप्टेंबर

जुना स्विच उघडला. चार स्क्रू, एक पत्र्याचं झाकण, आत बोटाएवढ्या रुंदीचं सर्किट बोर्ड. चौथ्या, म्हणजे रिकाम्या पोर्टाच्या पायाशी हिरवट-पांढरी भुकटी जमलीय. नखाने खरवडली तर सोल्डरचा तुकडाच सुटून आला. तिथून गंज बोर्डाच्या कडेने तिसऱ्या पोर्टाकडे गेलाय; मग पहिल्याकडे, पण तिकडे नुसता काळपटपणा. दुसरं पोर्ट दुसऱ्या बाजूला आहे, ते स्वच्छ. मोजमापाची उतरंड आणि गंजाची उतरंड तंतोतंत एक.

चौथ्या पोर्टावरची प्लॅस्टिकची टोपी उन्हाने पापडासारखी तडकली होती. पाणी तिथूनच शिरलं.

नवीन येईपर्यंत कपाटात पडलेला एक साधा चार-एक (चार पोर्ट, एक आउटपुट) स्विच लावून दिला. चारही पोर्टांवर व्होल्ट १६.८ च्या वर. काम भागतंय. कायम तो ठेवायचा का ते बघू. प्लॅस्टिकचा बाहेरचा डबा त्याला नाही आणि तो खांबावर उघडा लटकतोय.

८ सप्टेंबर

बदलायचाच आहे तर कशाने, यावर आजचा दिवस.

मनात पहिलं आलं ते मल्टिस्विच. दोन्ही केयू एलएनबी क्वाट्रो जातीचे घ्यायचे, प्रत्येकाच्या चार ठरलेल्या तारा (व्हर्टिकल लो, हॉरिझॉन्टल लो, व्हर्टिकल हाय, हॉरिझॉन्टल हाय) नऊ इनपुटच्या मल्टिस्विचमध्ये न्यायच्या. नववं इनपुट साध्या अँटेनाचं. मग खाली जितके आउटपुट तितके रिसीव्हर, कुणी कुणाच्या वाटेत नाही. कागदावर सुंदर. पण आमच्याकडे ‘क’ आहे, आणि त्याला जागा द्यायची तर १३ इनपुटचा स्विच लागतो. शिवाय सी बँडलाही दोन आउटपुटचा एलएनबी घ्यावा लागेल, एक तार व्हर्टिकलची, एक हॉरिझॉन्टलची, आणि हाय बँडची दोन इनपुटं मोकळी राहणार, कारण सी बँडला लो-हाय हा भेदच नाही. त्याचा लोकल ऑसिलेटर (एलएनबीची ठरलेली फ्रिक्वेन्सी; तिच्यातला आणि सिग्नलमधला फरक केबलवर उतरतो) एकच, ५१५० मेगाहर्ट्झ. वर मल्टिस्विचला मेनची वीज हवी, म्हणजे गच्चीवर २३० व्होल्ट किंवा सगळ्या दहा तारा खाली घरात. दोन टीव्हींसाठी एवढा पसारा मला झेपणार नाही असं नाही, पण करायचा नाही.

एका केबलीवर अनेक रिसीव्हर चालवण्याची युनिकेबल पद्धतही बघितली. २००७ च्या ईएन ५०४९४ या मानकात एका केबलवर आठ रिसीव्हरपर्यंत, नंतरच्या ईएन ५०६०७ मध्ये ३२ पर्यंत. प्रत्येक रिसीव्हरला आपापला फ्रिक्वेन्सीचा तुकडा, त्यामुळे भांडण नाही. बाबांच्या जुन्या रिसीव्हरच्या मेनूत त्याचं नावही नाही. विषय संपला.

२२ किलोहर्ट्झवर चालणारा दोन पोर्टांचा जुना स्विचही कुणीतरी सुचवला होता. तो युनिव्हर्सल एलएनबीबरोबर चालवूच नये: टोन आला की तो पोर्ट बदलतो, आणि तोच टोन एलएनबीला हाय बँडसाठी हवा असतो. एका घंटेवर दोन नोकर धावत येणार.

राहता राहिला डायसेक. आता प्रश्न दोन टीव्हींचा.

९ सप्टेंबर

पोर्ट मोजण्याआधी कोण काय बघतं हे विचारायला हवं म्हणून बाबांकडे गेलो.

“बाबा, तुम्ही त्या दुसऱ्या उपग्रहावरचं काही लावता का हो कधी?”

“दुसरा कुठला? अरे, मला माझी ती सहा-सात चॅनेल दे. बाकी तुमचं तुम्ही बघा. फक्त मधेच बंद नाही पडली पाहिजेत.”

ती सहा-सात चॅनेल नोंदवून घेतली. सगळी ‘अ’ वर. एकही ‘ब’ किंवा ‘क’ वर नाही.

यामुळे सगळं चित्र सोपं झालं. बाबांना स्विचची गरजच नाही. ‘अ’ च्या जागी ट्विन एलएनबी बसवायचा, त्याचं एक तोंड स्विचला आणि दुसरं थेट बाबांच्या रिसीव्हरला, स्वतंत्र केबलने. ट्विनची दोन्ही तोंडं आपापल्या रिसीव्हरचा हुकूम स्वतंत्रपणे मानतात. दिवाणखान्यात सी बँड चालू असो की काही, बाबांना काही फरक पडणार नाही. लूप-आउटची केबल कायमची काढायची.

स्विच मग चार-एकच पुरे. दोन घेण्याची गरज नाही.

१३ सप्टेंबर

ट्विन बसवला. स्क्यू (एलएनबी स्वतःभोवती फिरवलेला कोन) जुन्याइतकाच ठेवला, मग रिसीव्हरवरची क्वालिटी बघत किंचित फिरवला. बाबांची नवी केबल शुद्ध तांब्याच्या तारेची घेतली. जुनी दिवाणखान्याची केबल तशीच ठेवली, कारण १७.५ व्होल्ट वर पोचतात आणि भिंत उकरण्याची हौस नाही.

कनेक्टर कॉम्प्रेशनचे. वरचं आवरण सोलून जाळी मागे वळवायची आणि पांढऱ्या फोमवर जाळीचा एक केसही राहिलेला नाही ना, हे उजेडात धरून बघायचं. एक केस मधल्या तारेला टेकला की पूर्ण शॉर्ट. तार नटाच्या कडेपुढे तीनेक मिलिमीटर ठेवली. आखूड राहिली तर स्विचमधल्या पकडीत धरत नाही, लांब राहिली तर ती पकड कायमची फाकवते.

संध्याकाळी दोन्ही टीव्ही एकाच वेळी वेगवेगळ्या पोलॅरिटीवर चालले. बाबा खूश. मी खूश नाही. ‘ब’ वरचा एक ट्रान्सपॉन्डर (एका फ्रिक्वेन्सीवरचा चॅनेलांचा गठ्ठा) मधेच चौकोन-चौकोन व्हायला लागला.

१५ सप्टेंबर

हा नवीनच ताप. ‘ब’ कधीच बिघडत नव्हता, आणि आता त्याच्यावरचा एकच ट्रान्सपॉन्डर, ११.१ गिगाहर्ट्झच्या आसपासचा, संध्याकाळी फुटतो. रात्री उशिरा ठीक. सकाळी बाबा टीव्ही लावेपर्यंत ठीक.

बाबा टीव्ही लावेपर्यंत.

त्यांचा रिसीव्हर भिंतीतून बंद करून बघितला: ‘ब’ ची सिग्नल-टू-नॉइज (सिग्नल नॉइजच्या किती वर आहे ते) १२.० डेसिबल. चालू केला: १०.२. पुन्हा बंद: १२.०. दोन्ही रिसीव्हरच्या केबली एकमेकींपासून चांगल्या लांबून आल्यात, त्यामुळे घरात गळती असण्याचं कारण नाही. वर जाऊन स्विचच्या पहिल्या पोर्टावरची ‘अ’ ची केबल काढली आणि बाबांचा टीव्ही चालू ठेवला: १२.०. लावली: १०.२.

म्हणजे ‘अ’ चा सिग्नल स्विचच्या आतून ‘ब’ मध्ये झिरपतोय.

पूर्वी असं का होत नव्हतं? कारण असला चार-एक स्विच निवडलेल्या पोर्टालाच वीज देतो. ‘ब’ लावला की ‘अ’ चा एलएनबी मेलेला, त्याच्याकडून झिरपणार काय? आता बाबांचा रिसीव्हर दुसऱ्या तोंडातून ट्विनला जागा ठेवतो. या ट्विनची आतली वीज दोन्ही तोंडांना सामायिक दिसते: पहिल्या तोंडावर शून्य व्होल्ट असतानाही तिथून व्हर्टिकल लो बँडचा सिग्नल बाहेर येतोच. रिसीव्हरच्या सिग्नल मीटरवर तो सरळ दिसला.

आणि ज्या फ्रिक्वेन्सीवर ‘ब’ फुटतो, तिथे ‘अ’ वरही व्हर्टिकलमध्ये भरभक्कम ट्रान्सपॉन्डर आहे. लो बँडचा लोकल ऑसिलेटर ९७५० मेगाहर्ट्झ, तेव्हा ११.१ गिगाहर्ट्झचे दोघेही केबलवर १३५० च्या आसपास येऊन बसतात. एकाच जागेवर दोन माणसं.

हिशेब करून बघितला, कारण आकडे इतके नीट जुळले की राहवेना. या कपाटातल्या स्विचच्या कागदावर आयसोलेशन (एका पोर्टाचा सिग्नल दुसऱ्यात झिरपण्याला अडसर) २० डेसिबल लिहिलंय. ‘अ’ डिशच्या मध्यावर असल्याने ‘ब’ पेक्षा सुमारे ५ डेसिबलने जोरदार. म्हणजे झिरपलेला ‘अ’ हा ‘ब’ च्या खाली फक्त १५ डेसिबल. ‘ब’ चा स्वतःचा नॉइज १२ डेसिबल खाली. दोन्ही त्रास डेसिबलमध्ये नाही, मूळ प्रमाणात बेरजेला घ्यायचे: ०.०६३ अधिक ०.०३२ म्हणजे ०.०९५, परत डेसिबलमध्ये १०.२. मीटरवरचाच आकडा.

हा ट्रान्सपॉन्डर डीव्हीबी-एस२ या प्रसारण मानकातला, ८पीएसके पद्धतीचा, कोड रेट ८/९ (दर नऊ बिटांत चूक सुधारायला एकच). त्याला आदर्श स्थितीतही १०.७ डेसिबल लागतात. १०.२ मध्ये तो फुटणारच. ३/४ कोड रेटवाले शेजारी ७.९ वर भागवतात, म्हणून ते मजेत आहेत, आणि म्हणूनच दोष एकाच ट्रान्सपॉन्डरचा वाटत होता.

आयसोलेशन ३० डेसिबल असतं तर? ‘अ’ मग २५ डेसिबल खाली. ०.०६३ अधिक ०.००३ म्हणजे ०.०६६, म्हणजे ११.८. फुटायचं काही कारण नाही.

नवा स्विच कशावर निवडायचा ते ठरलं.

१७ सप्टेंबर

दोन स्विचचे कागद समोर आहेत. दोन्ही चार-एक, दोन्ही ९५० ते २१५० मेगाहर्ट्झ पुरते नीट.

पहिला: इन्सर्शन लॉस (स्विच स्वतः खातो तेवढा सिग्नल) ३ डेसिबल, आयसोलेशन २० पेक्षा जास्त, करंट ४०० मिलिअँपिअर.

दुसरा: इन्सर्शन लॉस ५ डेसिबल, आयसोलेशन ३० पेक्षा जास्त, करंट ५०० मिलिअँपिअर, सोबत खाली उघडणारा प्लॅस्टिकचा डबा.

स्विच घेताना लोक, आणि विकणारेही, लॉसचा आकडा आधी बघतात. जितका कमी तितका चांगला स्विच, असा समज. पण एलएनबी आधीच सिग्नल ५५-६० डेसिबलने वाढवून पाठवतो, आणि नॉइज किती हे तिथेच, पहिल्या ट्रान्झिस्टरपाशी ठरून गेलेलं असतं. त्यानंतर स्विचने दोन डेसिबल जास्त खाल्ले तर सिग्नल आणि नॉइज दोघेही सारखेच खाली येतात. प्रमाण तेच राहतं. अडचण येते ती पातळी रिसीव्हरच्या खालच्या मर्यादेशी, उणे ६५ डीबीएमपाशी जायला लागली तर. ३५ मीटर आरजी-६ केबल २१५० मेगाहर्ट्झला ११ डेसिबलच्या आसपास खाते. त्यात पाच मिळवले तरी आपण त्या मर्यादेपासून खूप वर आहोत. केबल शंभर मीटरची असती तर मी वेगळं बोललो असतो.

झिरपलेला सिग्नल मात्र कशानेच वेगळा काढता येत नाही. म्हणून दुसरा.

डब्यावर ‘डायसेक २.०’ मोठ्या अक्षरांत आहे. त्याला भुलायचं कारण नाही. १.० मध्ये रिसीव्हर हुकूम देतो आणि विषय संपतो; २.० मध्ये स्विच उत्तरही देऊ शकतो, पण माझ्या दोन्ही रिसीव्हरना उत्तर ऐकायचं नसतं. चार पोर्टांना १.० पुरतं, आणि २.० वाला १.० चे हुकूम पाळतोच. १.१ लागतं ते चारहून जास्त पोर्ट हवे असतील तेव्हा, १.२ मोटारीला.

२० सप्टेंबर

नवा स्विच लागला. खांबावरून काढून डिशच्या मागच्या बाजूला, सावलीत बसवला. तोंडं खाली. प्रत्येक केबलला स्विचखाली झोळ ठेवला, म्हणजे ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी गळून पडेल, कनेक्टरकडे चढणार नाही. सांध्यांवर स्वतःला चिकटणारी रबरी टेप, ताणून, खालून वर अशा वेढ्यांनी. चौथ्या पोर्टाला या वेळी धातूची आट्यांची टोपी, प्लॅस्टिकची नको.

व्होल्ट, ‘क’ हॉरिझॉन्टलवर असताना: आत १७.५, बाहेर १७.०. ‘अ’ वर १७.४, ‘ब’ वर १७.३.

‘ब’ चा तो ट्रान्सपॉन्डर, बाबांचा टीव्ही चालू: ११.७. बंद: १२.०.

२१ सप्टेंबर

एक किरकोळ गोष्ट. ‘क’ वर चॅनेल बदलताना रिसीव्हर कधी कधी पहिल्या झटक्यात पोर्ट पकडत नाही, पुन्हा लावला की येतो. हुकूम म्हणजे चार बाइट. तिसऱ्या पोर्टासाठी व्हर्टिकलला ई० १० ३८ एफ८, हॉरिझॉन्टलला शेवटी एफए. प्रत्येक बिट दीड मिलिसेकंदाचा, बाइटमागे एक पॅरिटी बिट, म्हणजे ३६ बिटांचा हुकूम ५४ मिलिसेकंदांत संपतो. शेवटच्या बाइटात बँड आणि पोलॅरिटीही लिहिलेली असते, पण चार-एक स्विच त्यातलं पोर्टापुरतंच वाचतो. एलएनबी व्होल्टवरच चालतो. सप्टेंबरच्या सुरुवातीला हुकूम बरोबर पोचूनही हॉरिझॉन्टल येत नव्हतं ते यामुळेच.

रिसीव्हरच्या मेनूत हुकूम एकदा पुन्हा पाठवायची सोय होती, ती चालू केली. पोर्ट आता पहिल्याच वेळी पकडतो. चॅनेल बदलायला निमिषभर जास्त लागतो, तेवढं चालेल.

२ ऑक्टोबर

रात्रभर पाऊस झाला, पहाटे मुद्दाम मोजलं. ‘क’ हॉरिझॉन्टलवर १७.०, ‘अ’ वर १७.४. कोरड्या दिवसाचेच आकडे. डब्यात हात घालून बघितलं, आत कोरडं.

पुढच्या वेळी शोधाशोध नको म्हणून डब्याच्या आतल्या बाजूला पुसला न जाणाऱ्या पेनने लिहिलं: १ – ‘अ’ ट्विन, २ – ‘ब’, ३ – ‘क’ सी बँड, ५१५०, ४ – रिकामं, टोपी.

दिवाणखान्यातल्या रिसीव्हरवर ‘अ’ आणि ‘ब’ ला लोकल ऑसिलेटर ९७५०/१०६००, टोन आपोआप. ‘क’ ला ५१५०, टोन बंद. बाबांच्या रिसीव्हरवर डायसेक बंद, एलएनबी युनिव्हर्सल. त्यांच्या मेनूला आता परवलीचा आकडा घातलाय, कारण काल त्यांनी ‘फॅक्टरी रीसेट’ म्हणजे काय असतं असं विचारलं.